केल्या की गेल्या?

वाचकहो, तुम्हाला तामिळ वाचता येत नसेल तर आधी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. तामिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. तसंच ट, ठ, ड, ढ यांना एक. त, थ, द, ध यांना एक. आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. तामिळ माणसाचं त्यावाचून काही अडत नाही. अक्षर शब्दात कुठे आलंय, यावरून त्याला उच्चार कळतो. पण त्या लिपीत मराठी लिहायला बसलात की गंमत सुरू होते. 'तळणे' आणि 'दळणे' सारखेच दिसतात. 'भात' आणि 'पात' सारखेच. 'काका' नीट लिहायला जावं तर वाचणारा 'कावळा' वाचतो, कारण तामिळमध्ये कावळ्याला काक्का म्हणतात. आमच्या घरी श्राद्धाच्या दिवशी दोघांचीही वाट बघावी लागायची, ते सोडा.

माझी आई गेल्या कार्तिकात गेली. 84 वर्षांची होती. सारा जन्म कुंभकोणमात गेला, घरात मराठी बोलण्यात गेला, आणि तिला देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. यात विशेष काही नाही, आमच्याकडच्या तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं असंच होतं. शाळा तामिळ, बाजार तामिळ, रेशनकार्ड तामिळ. मराठी होती ती उंबऱ्याच्या आत, आणि तोंडी. तिनं मागे एक जाड वही ठेवली आहे. पदार्थ, वाणसामानाचे हिशेब, कुणाच्या लग्नात काय आहेर केला, कुठल्या मुलाला कधी गोवर आला, सगळं एकाच वहीत. भाषा मराठी, लिपी तामिळ. वर्षश्राद्ध जवळ आलंय, आणि आम्ही भावंडं आणि आमची मुलं मिळून ती वही वाचायचा प्रयत्न करतो आहोत.

पदार्थांचं त्या मानानं सोपं निघालं. डांगर पचडीच्या पानावर उडीद घ्यावेत आणि ते 'तळून' किंवा 'दळून' दह्यात कालवावेत, असं आहे. माझ्या पुण्यातल्या भाचीनं तळूनही बघितले. वाईट लागले नाहीत, पण ते डांगर नव्हे. मन्नारगुडीच्या मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "भाजायचे आणि दळायचे. तळायला तुझ्या आईकडे कधी एवढं तेल होतं?" प्रश्न मिटला. मापं मात्र आळाक्कुत आहेत. आळाक्कु म्हणजे एका पडीचा आठवा भाग. ते पितळेचं मापटं माझ्या वहिनीकडे आहे म्हणून बरं, नाहीतर अमेरिकेतल्या नातवानं त्याच्या वाटीनं रसवांगी केली असती आणि ती कुणालाच ओळखू आली नसती.

अडलंय ते एका ओळीवर. 1974 सालच्या हिशेबात, आडी महिन्यात, तिनं लिहिलंय: दोन बांगड्या, आणि पुढे एक क्रियापद. ते 'केल्या' आहे, किंवा 'गेल्या'.

तामिळ लिपीला दोन्ही सारखेच. थोरला भाऊ म्हणतो, केल्या. धाकटीच्या लग्नात आईच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, त्याला आठवतात. मी म्हणते, गेल्या. आडी महिन्यात आमच्याकडे कुणी सोनं घडवायला टाकत नाही, तो महिनाच शुभकार्याचा नव्हे. शिवाय त्याच पानावर खाली याच भावाच्या कॉलेजच्या फीचा आकडा आहे, आणि त्या वर्षी वडिलांना नोकरी नव्हती. लग्नातल्या बांगड्या कुणाच्या मागून आणलेल्या असू शकतात. भाऊ यावर काही बोलत नाही. त्याला ते 'गेल्या' वाचायचं नाही, हे मला दिसतं. बासष्ट वर्षं उलटलेल्या माणसाला आपली पदवी कशावर उभी आहे ते एका अक्षरातून कळणं सोपं नसतं.

तर या महिन्याचं पान आईसाठी, आणि तिच्यामुळे आठवलेल्या आणखी काही आयांसाठी.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते: आम्ही तंजावरकडचे मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, ज्यांना इकडे एकोजी म्हणतात, त्यांनी 1676च्या सुमारास तंजावरची गादी घेतली, आणि त्यांच्यामागून शिपाई, कारकून, पुरोहित, कीर्तनकार, स्वयंपाकी असे सगळे आले. राज्य 1855मध्ये संपलं. माणसं राहिली. तुमच्या पुण्यातल्या रेस्तराँमध्ये मिळणारं सांबार आमच्या संभाजीराजांच्या नावावरून आलं, अशी एक गोष्ट सांगतात. मी ती गोष्ट म्हणूनच ऐकते. पण पिठल्याचं पिट्लै, कोशिंबिरीची कोसुमल्ली आणि रस-वांग्याची रसवांगी तामिळ स्वयंपाकघरात पक्की बसली आहेत, हे मी रोज खाते आहे.

आता आईचं गाव सांगायचं तर कुंभकोणमच. पण तिचं मन ज्या गावात असायचं ते तिरुविसनल्लूर, कुंभकोणमहून काही मैलांवरचं, कावेरीच्या उत्तरेचं. दर कार्तिक अमावास्येला ती तिथे जायची. पाय चालेनात तेव्हा रिक्षातून जायची. तिथे श्रीधर अय्यावाळांचा मठ आहे आणि मठात एक विहीर आहे. त्या दिवशी पहाटेपासून त्या विहिरीच्या पाण्यानं नाहायला लोकांची रांग लागते.

गोष्ट तुम्ही ऐकली नसेल तर सांगते. श्रीधर वेंकटेश अय्यावाळ हे सतराव्या-अठराव्या शतकातले मोठे पंडित, संस्कृत कवी, आणि दक्षिणेतल्या नामसंकीर्तन परंपरेच्या तीन आधारस्तंभांपैकी एक. बाकीचे दोन म्हणजे जवळच्याच गोविंदपुरमचे बोधेंद्र आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होतं. स्वयंपाक तयार, ब्राह्मण यायचे होते. तेवढ्यात दारात एक भुकेला माणूस आला, ज्याला त्या काळी शिवायचंही नाही असा. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न उचलून त्याला दिलं. ब्राह्मण आले, त्यांना कळलं, ते जेवायला तयार होईनात. प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान करून ये, म्हणाले. कुठे कावेरी, कुठे गंगा! अय्यावाळांनी गंगेचं स्तोत्र रचलं, आणि गंगा परसातल्या विहिरीतून वर आली, एवढी की रस्त्यातून पाणी वाहायला लागलं. पुढे त्याच पंडितांनी तिला आवरा म्हणून हात जोडले, असं म्हणतात.

ही गोष्ट कीर्तनकार सांगतात तेव्हा सगळा जोर गंगेवर असतो. आई सांगायची तेव्हा गंगा दोन वाक्यांत उरकायची. तिचा जोर स्वयंपाकावर असायचा. "सकाळी पहाटेपासून ओल्या लुगड्यात उभं राहून केलेला तो स्वयंपाक. कुणी केला? त्यांच्या बायकोनं. नवऱ्यानं उचलून देऊन टाकला. मग सगळा पुन्हा केला. तोही तिनंच. तिचं नाव कुणाला माहीत आहे?" मग ती आमच्याकडे बघायची आणि म्हणायची, "आणि तरीही तिनं देऊ नका म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा." मूळ कथेत बायको काही बोलते की नाही, कोण जाणे. आईच्या कथेत तिचं न बोलणं हाच मुख्य प्रसंग होता.

तिरुविसनल्लूरला दुसरं नाव आहे, शहाजीराजपुरम. ते ऐकलं की महाराष्ट्रातून आलेले पाहुणे चमकतात. हे शहाजी म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत, तर एकोजींचे थोरले चिरंजीव, तंजावरचे राजे, गादीवर 1684 ते 1712. त्यांनी 1693 साली हे गाव पंचेचाळीसेक पंडितांना वाटून दिलं. संस्कृत, तेलुगू, तामिळ जाणणारे, वैयाकरणी, कवी, वैद्य. रामभद्र दीक्षित त्यांतलेच, अय्यावाळ त्यांतलेच, आणि पुढे ज्यांची कीर्तनं सगळा दक्षिण देश गातो ते सदाशिव ब्रह्मेंद्र याच गावात शिकले. राजा स्वतः तेलुगूत नाटकं लिहायचा. मराठी आईबापांचा मुलगा, तामिळ मुलखाचा राजा, तेलुगूत लिहिणारा आणि संस्कृत पंडितांना गाव देणारा. आमच्या घरची चार भाषांची खिचडी पाहून कुणी हसलं तर मी त्यांना शहाजीराजांकडे पाठवते.

या राजाची आई दीपाबाई. तिच्याबद्दल फार थोडं लिहिलेलं सापडतं, पण जे आहे ते असं आहे की ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

1677 साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. वडिलांच्या जहागिरीत आपला वाटा असावा, हे त्यांचं म्हणणं. कोळ्ळिडमच्या काठी तिरुमळवाडीला दोघे भाऊ भेटले. बोलणं फिसकटलं आणि एका रात्री व्यंकोजी काही न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून आले. महाराज परत गेल्यावर त्यांनी मागे ठेवलेल्या फौजेवर व्यंकोजींनी हल्ला केला, आणि हरले. महाराजांचं खरमरीत पत्र आलं. व्यंकोजी मनानं खचले. इथे बखरी दीपाबाईला पुढे आणतात. तिनं नवऱ्याला समजावलं, की थोरल्या भावाशी वैर धरून काय मिळणार, रघुनाथपंत हणमंत्यांना बोलवा, तोडगा काढा. तोडगा निघाला. बखरींत त्या तहाची एकोणीस कलमं दिली आहेत. त्यांतल्या एका कलमात बंगळूर आणि आसपासचा मुलूख, दोन लाखांच्या उत्पन्नाचा, महाराजांनी दीपाबाईला दिला. तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला. चोळीबांगडीसाठी.

पुढचं वाचा. तो मुलूख बाईकडून बाईकडे जावा, असं कलमात आहे. मुलांनी कारभार बघावा, पण मालकी तिची, आणि ती जिला देईल तिची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला वाचून दाखवलं. मी वाचायची आणि ती ऐकायची, असंच असायचं आमचं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मिळाला का तिला?" दहाएक वर्षांतच, 1687मध्ये, मोगल सरदार कासीमखानानं बंगळूर घेतलं आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं. दीपाबाईच्या मुलीला, सुनेला, नातीला काही पोचलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे गेल्या." तेव्हा मला वहीतली ती ओळ माहीत नव्हती. आता ते एकच वाक्य मला पुरावा वाटतं. भाऊ म्हणतो, हा काही पुरावा नव्हे. बरोबर आहे त्याचं. कोर्टात टिकणार नाही.

दीपाबाईचे तीनही मुलगे एकामागून एक राजे झाले. शहाजी, मग 1712पासून सरफोजी, मग 1728पासून तुकोजी, 1736पर्यंत. एका बाईच्या तीन मुलांनी बावन्न वर्षं एकच गादी सांभाळली आणि भावाभावांत गादीसाठी रक्त सांडलं नाही. त्या काळातल्या घराण्यांच्या कथा वाचल्या असतील तर ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे तुमच्या लक्षात येईल. याचं श्रेय आईला द्यावं असं मला वाटतं, पण ते माझं मत. दीर आणि नवऱ्यातलं भांडण जिनं मिटवलं तिनं मुलांना काय शिकवलं असेल, यावरून बांधलेला अंदाज आहे हा.

आणि एक. तिच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे पंडित होते. त्यांनी 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्यं, भाज्या, दूध-दही, कुठल्या ऋतूत काय खावं, काय कशावर पचतं, असं सगळं त्यात आहे, आणि जिलबीची कृतीही आहे. राजवाड्यातली ती वही, म्हणा. पंडितानं लिहिलेली, म्हणून तिथे तळणं आणि दळणं यांत घोटाळा नाही.

तामिळ मुलखात राहून आमच्या राण्यांच्या नावांचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. दीपाबाईची दीपांबा झाली. यमुनाबाईची यमुनांबाळ. 'बाई' गेली, 'अंबा' आली. महाराष्ट्रातल्या कुणाला ही नावं दाखवली तर ओळखणार नाहीत. पण नावं टिकली कुठे, तर धर्मशाळांवर. दीपाबाईचा नातू प्रतापसिंह, त्याची राणी यमुनाबाई. निडामंगलमला तिच्या नावाचं छत्र आहे, यमुनांबाळ छत्रम. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या काळात तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्रम उभं राहिलं. मुक्तांबाळ ही त्यांची लग्नाची बायको नव्हती. मरताना तिनं आपल्या नावानं अन्नछत्र घाला एवढंच मागितलं, अशी आठवण सांगतात. काशीहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर अशी कितीतरी छत्रं होती आणि त्यांतली बरीचशी बायकांच्या नावांची.

तिथे काय चालायचं, हे आपल्याला सरफोजींच्या तोंडूनच कळतं. 1799च्या करारानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजाच्या हातात किल्ला, राजवाडा आणि थोडंफार उरलं होतं. छत्रांची उत्पन्नंही जातील या भीतीनं 1801 साली त्यांनी रेसिडेंट टॉरिन यांना पत्र लिहिलं आणि छत्रांचं काम समजावून सांगितलं. येईल त्या वाटसरूला, जात न विचारता, शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना कोरडा शिधा. वाढप मध्यरात्रीपर्यंत चालतं, आणि मग घंटा वाजवतात, की कुणी उपाशी झोपला असेल तर उठून या, तुमचा भात ठेवलाय. तान्ह्या मुलांना दूध. वाटेत आजारी पडलेल्याला वैद्य, औषध, पथ्याचं जेवण. पोटुशी बाई आली आणि तिथे अडली तर तिचं बाळंतपण. अनाथ पोरांना शिक्षण.

ती मध्यरात्रीची घंटा मला फार आवडते. उपाशी झोपलेल्याला उठवून जेवायला घालणं, ही राजाची कल्पना वाटत नाही. ती कुठल्यातरी आईची असावी. आमची आई हेच करायची. रात्री दहाला, अभ्यास करता करता झोपलेल्या मुलाला उठवून दहीभाताचा घास. तो अर्धा झोपेतच खायचा आणि सकाळी म्हणायचा, मला काल जेवायला दिलं नाही.

आता मी काही तिला साखरेत घोळवणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळ्या आया सोशीक आणि हसतमुख होतात, आणि मग कुणाचीही आई कुणाचीही वाटायला लागते. आमची आई तिखट होती. थोरल्या सुनेशी ती दोन वर्षं बोलली नव्हती आणि कारण काय, तर सुनेनं रसवांगीत हिंग जास्त घातला असं चार लोकांत म्हणाली होती. मग बोलायला लागली ती अशी, जणू मधली दोन वर्षं सून बाहेरगावी होती. थोरला नातू तिचा लाडका होता आणि ते ती लपवायची नाही. बाकीच्या नातवंडांनी जाब विचारला तर म्हणायची, "तो पहिला आला, मी काय करू? तुम्ही आधी यायचं." पैशाचा हिशेब पैशापर्यंत ठेवायची, आणि दारात कुणी आलं की हिशेबाबाहेर द्यायची. गोविंदपुरमला अलीकडे विठ्ठलाचं मोठं, थेट आपल्या मराठी धाटणीचं देऊळ उभं राहिलंय. तिला दाखवायला नेलं. ती सगळं बघून म्हणाली, "छान आहे. पण पंढरपूरच्या विठोबाला मी बघितलं नाही, तेव्हा हा त्याच्यासारखा आहे की नाही, मला कसं कळणार?" पुढच्या वर्षी भावानं पंढरपूरला नेलं. तिथे बडव्याशी ती मराठीत बोलली. त्यानं तिला हिंदीत उत्तर दिलं. हे ती आयुष्यभर सांगायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

नातवंडांना ती प्रत्येकी वेगळी मिळाली आहे, हे मला या वर्षभरात कळलं. चेन्नईतल्या दोघांना तिच्याशी तामिळ बोलायची सवय, त्यांच्या आठवणीतली आजी तामिळ बोलते. पुण्यातल्या भाचीच्या आठवणीतली मराठी बोलते, आणि ते मराठी पुण्यात कुणालाच कळत नाही. अमेरिकेतला नातू म्हणतो, ती त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचीच नाही, नुसतं विचारायची, जेवलास का. दोनदा विचारायची. शेवटी तो 'जेवलो' हा एक शब्द मराठीत अचूक बोलायला शिकला. चौघांनी चार भाषांत तिच्याबद्दल लिहून पाठवलंय. ते एकत्र कसं लावायचं, हा सध्या मोठा प्रश्न आहे, कारण चौघांना वाचता येईल अशी एकही लिपी नाही.

वहीचं काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी अशी वही असणार. तामिळ लिपीत नसेल, मोडीत असेल, कानडीत असेल, किंवा धोब्याच्या हिशेबामागे पेन्सिलीनं लिहिलेली असेल. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढला, उजेडात, सावली पडू न देता. मग मावशीला समोर बसवून ती मोठ्यानं वाचून घेतली आणि आवाज टिपला. हे सगळ्यात महत्त्वाचं निघालं. लिपीत हरवलेला उच्चार तिच्या जिभेवर होता. त, द, क, ग, सगळं तिनं न अडखळता वेगळं केलं. त्यानंतर देवनागरीत उतरवलं, आणि जिथे शंका तिथे दोन्ही शब्द ठेवले. घाई करा, एवढंच सांगेन. आमच्या मावशीला 79 पूर्ण होतील.

बांगड्यांच्या ओळीपाशी मावशी थांबली होती. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "मला माहीत आहे. पण तिनं सांगितलं नाही ना तुम्हाला? मग मीही नाही सांगणार." देवनागरीच्या प्रतीत तिथे दोन्ही शब्द आहेत.

श्राद्धात आई, आजी, पणजी अशी तीन नावं घेतात. चौथी यादीतून गळते. भाऊ आईचं नाव घेईल तेव्हा एक पणजी पुढे सरकून बाहेर पडेल, आणि तिचं नाव आमच्यापैकी कुणालाही पुन्हा उच्चारायची वेळ येणार नाही. म्हणून या वेळी भटजींकडून यादी नीट लिहून घेतली आहे, माहेरच्या नावांसकट. आमच्याकडे सुनेचं नाव लग्नात बदलत असे, त्यामुळे एकेका बाईची दोन नावं निघाली, आणि पणजीची तर तीन. तिसरं तामिळ शेजारणींनी ठेवलेलं.

वर्षश्राद्धाचं घरचं झाल्यावर अमावास्येला तिरुविसनल्लूरला जायचं ठरलंय. स्नानाची रांग मोठी असते, म्हणून आम्ही पहाटे तीनला निघणार. भावाची सूचना होती की मठात रक्कम द्यावी आणि मोकळं व्हावं. थोरल्या वहिनीनं, त्याच हिंगवाल्या वहिनीनं, ती मोडून काढली. रांगेत उभ्या असलेल्यांत म्हाताऱ्या बायका फार असतात, उपाशीपोटी आलेल्या. त्यांना हातात गरम काहीतरी पडलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. शंभर माणसांचा दहीभात आणि डांगर. तांदूळ दहा किलो, दही आदल्या रात्री विरजायचं, द्रोण वहिनीच्या माहेरून येणार. अमेरिकेतला नातू तीन दिवसांसाठी येतोय. वाढायला तोच उभा राहणार आहे, आणि सध्या फोनवर 'अजून घ्या' आणि 'अजून घ्या की' यांतला फरक मला विचारतो आहे.